पदच्छेदाचा प्रश्न : झाशीचे मोडी लेखन आणि यंत्राचे वाचन

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे दोन पाठ मराठी वाचकांस परिचित आहेत. पहिला चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. दुसरा दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली सिद्ध केला. झाशीच्या वेढ्याचे आणि शहराच्या विध्वंसाचे प्रत्यक्षदर्शी मराठी वर्णन म्हणून या ग्रंथाचे मोल निर्विवाद आहे. वैद्यांनी भाषेत व मजकुरात कोठे फेरफार केले, काय गाळले, काय सौम्य केले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती आवश्यकही होती. पण दोन्ही पाठ मुद्रणालयात जाण्यापूर्वी कोणा ना कोणा वाचकास एक काम सारखेच करावे लागले, आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. भटजींनी आपली हकीकत मोडीत लिहिली. मोडीत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नाही. छापील पुस्तकात आपण जे सुटे सुटे शब्द वाचतो, त्यांचे सुटेपण नंतरच्या हाताने घातलेले आहे.

मजकुराची सलग माळ तोडून तिचे शब्द करणे हे काम आज यंत्राकडे सोपविले गेले आहे. संगणकाच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत त्यासाठी एखादी तयार आज्ञा असते, आणि ती इतकी क्षुल्लक समजली जाते की नवशिक्याला ती पहिल्या काही दिवसांतच शिकविली जाते. हे काम क्षुल्लक आहे काय, हे पाहण्यास झाशीच्या मोडी कागदांइतकी चांगली कसोटी क्वचितच सापडेल.

बुंदेलखंडात मराठी मोडी कशी पोहोचली, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. छत्रसालाने आपल्या राज्याचा एक भाग पहिल्या बाजीरावास दिल्यानंतर त्या प्रांतात पेशव्यांचा अंमल सुरू झाला. १७४२ साली नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. ओर्छेकरांच्या जुन्या किल्ल्याचा विस्तार करून त्याच्या पायथ्याशी त्यांनी शहर वाढविले. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात मूळच्या कोकणातल्या नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली. १८१७ साली कंपनी सरकारने रामचंद्ररावांस वंशपरंपरेचे संस्थानिक म्हणून मान्यता दिली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे या हिंदीभाषी मुलखाच्या मध्यभागी मराठी दरबार नांदत होता. भोवतालची प्रजा बुंदेली बोलत होती, परराज्यांशी व्यवहार फारसीत चालत होता, आणि घरचा, दफ्तरचा, पुण्याशी होणारा पत्रव्यवहार मोडीत होत होता. या तिहेरी व्यवहारातला मोडी लेखनाचा भाग आज सर्वांत दुर्बोध झाला आहे. फारसी वाचणारे विद्वान देशभर आहेत, हिंदीला तर वाचकांची वाण नाही. मोडी वाचणारे मात्र मोजके उरले.

मोडीची दुर्बोधता अक्षरांच्या वळणात आहे असा सामान्य समज आहे. चिटणीशी, बिवलकरी अशी भिन्न वळणे नवख्यास अडवितात, हे खरे. तथापि वळण सरावाने उलगडते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कारकून प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ आखून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्या रेघेखाली अक्षरे लटकवीत जाई. बालबोध लेखनात शिरोरेषा तुटते तेथे शब्द तुटतो. मोडीत रेषा आधीच अखंड, त्यामुळे ती काहीच सांगत नाही. विरामचिन्हे नाहीत. इकार व उकार यांचे बहुधा एकेकच रूप, म्हणून ऱ्हस्वदीर्घाचा आधार नाही. ओळ संपली की शब्द अर्ध्यावर सोडून पुढील ओळीत उरलेला भाग लिहिण्यास कोणाचा संकोच नाही. हा लेखनदोष समजणे चूक होईल. पत्र लिहिणारा आणि वाचणारा हे एकाच दफ्तरी जगातले होते. मायना कोणता, तपशिलाची वाक्ये कोणत्या साच्यातली, समाप्ती कशी, हे दोघांनाही आधीच ठाऊक असे. लेखकाने वेळ वाचवावा आणि शब्द तोडण्याचे काम वाचकाने करावे, असा तो मूक करार होता. करारातला दुसरा पक्ष मृत झाल्यावर कागद आपल्या हाती आले आहेत.

उत्तर भारतातील व्यापाऱ्यांच्या मुडिया लिपीविषयी एक प्रसिद्ध गोष्ट सांगतात. ‘काका अजमेर गये’ असे पेढीवरून कळविले. घरच्यांनी ‘काका आज मर गये’ असे वाचून रडारड केली. त्या लिपीत मात्राही गाळल्या जात, म्हणून घोटाळा एवढा मोठा. मोडीत मात्रा असतात. पण मात्रा असूनही काय होऊ शकते हे एका रचलेल्या उदाहरणाने दाखविता येईल. कोणत्याही दफ्तरातले नसलेले हे वाक्य पाहावे : ‘राणीचाकरनाही’. याचा ‘राणीचा कर नाही’ असा पदच्छेद केला, तर ती महसुलाची नोंद झाली. ‘राणी चाकर नाही’ असा केला, तर तो बाणा झाला. दोन्ही वाक्ये शुद्ध मराठी आहेत; व्याकरण कोणाचीही बाजू घेत नाही. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निधन पावले, १८५४ साली संस्थान खालसा झाले आणि राणी लक्ष्मीबाईंस दरमहा पाच हजारांची नेमणूक देऊ करण्यात आली. त्या वर्षांतील कागदात असे वाक्य आले असते, तर एका मोकळ्या जागेच्या स्थानावर इतिहासकाराचे एक प्रकरण अवलंबून राहिले असते.

अशा पेचाची जाणीव आपल्या परंपरेत फार जुनी आहे. ऋग्वेदाची संहिता संधींनी सांधलेली. शाकल्याने तिचा पदपाठ सिद्ध केला आणि प्रत्येक पद सुटे करून मांडले. पाणिनीने शाकल्याचे नाव घेऊन त्याच्या मताचा उल्लेख केला आहे, एवढी त्याची प्रतिष्ठा. असे असूनही यास्काने निरुक्तात दहाव्या मंडलातील एका ठिकाणी शाकल्याचा पदच्छेद चुकला असे स्पष्ट म्हटले. शाकल्याने जेथे ‘वा’ आणि ‘यः’ अशी दोन पदे पाडली, तेथे यास्काच्या मते ‘वायः’ हे एकच पद आहे, आणि त्याचा अर्थ पक्ष्याचे पिलू. यास्काची कारणे लक्षात घेण्यासारखी आहेत. ‘यः’ हे पद वेगळे मानले, तर पुढील क्रियापदावर उदात्त स्वर यावयास हवा होता, तो नाही. शिवाय वाक्याचा अर्थ अपुरा राहतो. म्हणजे एक कारण उच्चारातले, दुसरे अर्थातले. पदच्छेद हा मताचा विषय आहे, त्यावर पुरावा मागता येतो आणि थोर संपादकाचाही पदच्छेद तपासता येतो, हे यास्काने दोन वाक्यांत प्रस्थापित केले. मराठी दफ्तरांच्या प्रकाशनात हा दंडक टिकला असता तर बरे झाले असते. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ केला. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. या प्रचंड कार्यापुढे कोणीही नतमस्तकच व्हावे. तरीही अशा छापील पानावर मोकळी जागा कोठे निर्विवाद आहे आणि कोठे संपादकाच्या अंदाजाची आहे, हे वाचकाला कळण्याची सोय सहसा नसते.

युरोपातही मोकळी जागा स्वयंभू नव्हती. प्राचीन रोमन लोक काही काळ शब्दांमध्ये ठिपके देत. पुढे तेही सोडून ते सलग लिहू लागले. लॅटिन ज्यांची मातृभाषा नव्हती अशा आयरिश मठवासीयांनी सातव्या शतकाच्या सुमारास शब्द सुटे लिहिण्याची रीत पाडली, हे पॉल सेंगर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. परक्या वाचकाला आधार हवा होता, म्हणून जागा आली. मराठीत ती मुद्रणाबरोबर आणि शाळेबरोबर सार्वत्रिक झाली. विल्यम कॅरी यांचा १८१० सालचा मराठी कोश मोडी टंकात छापलेला आहे, ही मोठी उद्‌बोधक गोष्ट आहे. जी लिपी शब्द तोडीत नाही, तिच्यात कोश रचावयाचा म्हणजे प्रत्येक शब्द आधी तोडून घेतलाच पाहिजे.

पण शब्द कोठे तोडावयाचा, हे जागेच्या रूढीनेही सर्वत्र एकसारखे ठरलेले नाही. झाशीचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. ‘झाशीची राणी’ हे मराठीत दोन शब्द. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ सालच्या कादंबरीचे नाव ‘झाँसी की रानी’, तीन शब्द. दोन्हींचा अर्थ एक, घडणही जवळजवळ एक. मराठीने विभक्तिप्रत्यय नामाला चिकटविला, हिंदीने तो सुटा ठेवला, एवढाच फरक. मोकळ्या जागा मोजणाऱ्या यंत्राला मात्र मराठी वाचक दोन शब्दांचा आणि हिंदी वाचक तीन शब्दांचा दिसेल. अशाच मोजणीवर अनुवादाची लांबी, शैलीचा आटोपशीरपणा, शब्दसंपत्तीची समृद्धी यांविषयी निष्कर्ष काढणारे अभ्यास आता होऊ लागले आहेत. त्यांतला काही भाग लेखकांच्या शैलीविषयी नसून दोन लिपिरूढींविषयी आहे, याचे भान सुटता कामा नये. ‘झाशीस’, ‘झाशीहून’, ‘झाशीकडे’, ‘झाशीतल्या’ हे यंत्राच्या लेखी चार वेगळे शब्द, आणि त्यांपैकी एकही ‘झाशी’ नव्हे.

आता यंत्राकडे वळू. मजकुरावर काम करण्यासाठीच घडविलेली आरंभीची संगणकभाषा ‘कॉमिट’ ही मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत व्हिक्टर इंग्वे यांच्या पुढाकाराने १९५७ च्या सुमारास आकारास आली, आणि तिचा हेतू यांत्रिक भाषांतर हा होता. शब्दांची मोडतोड करणाऱ्या या आज्ञांचे मूळ अनुवादाच्या समस्येत आहे, ही गोष्ट अनुवादकांनी विसरू नये. पुढे बेल प्रयोगशाळांत ‘स्नोबोल’ आली आणि १९७७ साली ‘ऑक’. ‘ऑक’मध्ये तर ओळ वाचताच तिचे तुकडे आपोआप पडत, लिहिणाऱ्याने मागणी करण्याचीही गरज नसे. आजच्या लोकप्रिय ‘पायथन’ भाषेत ‘स्प्लिट’ या आज्ञेला काहीही न सांगता मजकूर दिला, तर कितीही मोकळ्या जागा असोत, त्या सर्व मिळून एकच सीमा धरली जाते. तिला ‘एकेका मोकळ्या जागेवर तोड’ असे बजावून सांगितले, तर दोन लगतच्या जागांच्या मध्ये ती एक रिकामा शब्द शोधून काढते. ज्यात एकही अक्षर नाही असा शब्द! मीमांसकांनाही ही कल्पना सुचली नसती.

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. मोकळ्या जागेवर विसंबल्यास स्वल्पविराम, अवतरणचिन्हे शब्दाला चिकटून राहतात. म्हणून प्रोग्राम लिहिणारे बहुधा दुसरा नियम लावतात : अक्षरांचा व अंकांचा सलग गट तो शब्द. इंग्रजीला हा नियम पुरतो. ‘पायथन’च्या नेहमीच्या आकृतिशोधक संचाला याच नियमाने ‘झाशी’ हा शब्द दिला असता तो दोन शब्द परत देतो : ‘झ’ आणि ‘श’. मात्रा नाहीशा होतात. याचे कारण युनिकोडच्या वर्गीकरणात आहे. तेथे ‘झ’ व ‘श’ ही अक्षरे, तर काना व वेलांटी ही अक्षरांना जोडावयाची चिन्हे, असे दोन वेगळे वर्ग केले आहेत. वर्गीकरण तत्त्वतः चूक नाही. लिपीची घडण तशीच आहे. चूक ‘चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, म्हणून शब्द तेथे संपला’ या अनुमानात आहे. काना, मात्रा, वेलांटी यांवाचून ज्यांची लिपी चालते, अशांनी ते अनुमान केले आणि साऱ्या जगाने ते वापरले. युनिकोडच्याच शब्दसीमेविषयीच्या स्वतंत्र नियमावलीत यावर उपाय आहे, तो पाळणारे निराळे संचही उपलब्ध आहेत. परंतु ते मुद्दाम शोधून आणावे लागतात, आणि दोष असा की चुकीचे उत्तर देताना यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही. मुडिया लिपीने काकांचा जो घात केला, तोच येथे अधिक सफाईने होतो.

हे झाले जागा सोडून लिहिलेल्या देवनागरीविषयी. ज्या लेखनात तोडण्यासाठी जागाच नाही, त्याचे काय? चिनी, जपानी, थाई या भाषांसाठी यंत्रविद्यांना हा प्रश्न पूर्वीच सोडवावा लागला. सर्वांत साधी रीत अशी : कोश हाती घ्यावा, ओळीच्या आरंभापासून जुळेल तो सर्वांत लांब शब्द तोडावा आणि पुढे जावे. ही रीत ‘राणीचाकरनाही’ला लावून पाहावी. आरंभी ‘राणी’ जुळतो, ‘राणीचा’ही जुळतो, लांब तो ‘राणीचा’. मग ‘कर’, मग ‘नाही’. यंत्राने कराची नोंद वाचली. हीच रीत ओळीच्या शेवटाकडून उलट लावता येते व पुष्कळदा लावतातही. शेवटी ‘नाही’, त्याआधी ‘कर’ जुळतो, ‘चाकर’ही जुळतो, लांब तो ‘चाकर’, उरली ‘राणी’. एकच कोश, एकच नियम. डावीकडून निघाले तर महसूल, उजवीकडून निघाले तर बाणा. यावर उतारा म्हणून संभाव्यतेची रीत आली. कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी किती वेळा आढळतो याची गणना आधी करून ठेवावयाची आणि अधिक संभाव्य तो पदच्छेद पत्करावयाचा. येथे प्रश्न केवळ एक पायरी मागे सरकतो. गणना महसुली दफ्तरांवरून केली, तर ‘कर’ जिंकण्याचा संभव; राणीवरच्या कादंबऱ्या व पोवाडे यांवरून केली, तर ‘चाकर’. जाणता मोडीवाचक तिसऱ्याच वाटेने जाईल. अशा जागी ‘पट्टी’ किंवा ‘सारा’ हा शब्द अधिक अपेक्षित होता, हे त्याला खटकेल. कागद कोणी कोणास लिहिला, मागील ओळीत कशाचा तपशील आहे, हे तो पाहील. यास्काने उच्चार व अर्थ यांचा पुरावा मागितला, तशीच ही पद्धत होय.

या बाबतीत सर्वांत विवेकी यंत्र संस्कृतासाठी घडले आहे, ही योगायोगाची गोष्ट म्हणता येणार नाही. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ ज्येरार ह्युए यांनी रचलेला संस्कृत वाचक संधियुक्त वाक्याचे व्याकरणाला मान्य असे सर्व पदच्छेद शोधतो आणि ते एकाखाली एक रंगीत चौकटींत मांडून निवड माणसाकडे सोपवितो. ज्या भाषेला पदपाठाची परंपरा आहे, तिच्या अभ्यासकांनी एकच उत्तर देणारे यंत्र स्वीकारले नसते.

मोडीच्या वाट्याला अद्याप असे यंत्र आलेले नाही. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्थान मिळाले, त्यामुळे तिची अक्षरे प्रथमच अक्षरे म्हणून साठविता येऊ लागली. २०२५ साली रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा व त्यांची देवनागरी लिप्यंतरे एकत्र करून, प्रतिमेवरून थेट देवनागरी लिहिणारी यंत्ररचना प्रसिद्ध केली. या प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. लक्षावधी कागद वाचण्यास माणसे उरलेली नाहीत. मात्र अशा रचनेत एक धोका असतो, त्याची नोंद आताच झालेली बरी. यंत्राला शिकविण्यासाठी दिलेले लिप्यंतर हे मोकळ्या जागांसह दिलेले असते. त्या जागा कोणा वाचकाने ठरविलेल्या. यंत्र त्या अक्षरांइतक्याच प्रमाण मानून शिकते, आणि पुढे न वाचलेल्या कागदात स्वतः जागा घालू लागते. एका माणसाचा अंदाज अशा रीतीने हजारो कागदांचा पाठ होतो, आणि त्यावर संशयाची एकही खूण नसते.

‘माझा प्रवास’चेच पाहावे. अमृतलाल नागरांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने त्याचा हिंदी अनुवाद केला तेव्हा वैद्यांचा छापील पाठच उपलब्ध होता. २०११ पासूनच्या काही वर्षांत इंग्रजीत एकाहून अधिक अनुवाद झाले. भटजींनी सलग लिहिले, मराठी संपादकांनी तोडले, आणि अनुवादकांनी तोडलेल्या शब्दांचे आपापल्या भाषेत अर्थ केले. हिंदी वा इंग्रजी वाचकाला शंका आली, तर तो अनुवादकापर्यंत जाईल, फार तर छापील मराठी पानापर्यंत. त्यापलीकडे जाण्याची वाट छापील पुस्तकात देता येत नव्हती. कागद महाग होता, टंक जुळविणे कष्टाचे होते, आणि दोन पदच्छेद शेजारी छापावयाचे तर ग्रंथ दुप्पट झाला असता.

यांत्रिक प्रतीला यांतली एकही अडचण नाही. हस्तलिखिताच्या पानाची प्रतिमा, तिच्याखाली मोडी अक्षरांची न तोडलेली माळ, तिच्याखाली पदच्छेदासह देवनागरी पाठ, आणि जेथे दोन वाचने संभवतात तेथे दोन्ही, कोणत्या संपादकाने कोणते पत्करले या नोंदीसह : एवढे चार थर एकमेकांना ओळीओळीने बांधून ठेवणे आजच्या साधनांनी थोडक्या खर्चात होण्याजोगे आहे. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या सैन्याने शहर घेतल्यावर झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा जो नाश झाला, त्याची हळहळ गोडसे भटजींनी आपल्या हकीकतीत नोंदविली आहे. ते ग्रंथ गेले. ती हळहळ ज्या पानावर लिहिली गेली ते पान उरले आहे. या कामाचा आरंभ तेथून करण्यास हरकत नाही.